चढावर दम लागणाऱ्या गाडीविषयी साडूभाऊंस

प्रिय साडूभाऊंस,

सप्रेम नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? गुडघा अजून जिना चढतानाच कुरकुरतो, की आता उतरतानाही कुरकुरायला लागला? ताईंचा खोकला गेला असावा (दोघी बहिणींचं रोज तासभर फोनवर जे चालतं त्यात हल्ली खोकण्याचा आवाज येत नाही, त्यावरून हा अंदाज). निवृत्तीनंतर आपण सुरू केलेलं सुतारकाम जोरात असल्याचं कळलं. आपण स्वहस्ते करून पाठवलेलं स्टूल आमच्या ऑफिसात मानाच्या जागी आहे. ते डुगडुगतं असं मी चारचौघांत बोललो, ते आपल्या कानावर गेलं आणि आपल्याला लागलं, हेही कळलं. बोललो, नाही असं नाही. पण प्रेमाने बोललो. त्या स्टुलाविषयी माझं मत अलीकडे बदललं आहे, त्याचा खुलासा ओघात येईलच.

आपण म्हणाल, फोन असताना पत्राचा हा खटाटोप कशाला? तर फोनवर मी बोलायला लागलो की स्वयंपाकघरातून दुरुस्त्या येतात. मी म्हणतो 'मंगळवारी', की आतून येतं 'बुधवारी'. मी म्हणतो 'माझ्या लक्षात आलं', की आतून नुसता भांडं आपटल्याचा आवाज येतो, आणि तो दुरुस्तीपेक्षा जास्त बोलतो. आमच्या नव्या गाडीचं प्रकरण एव्हाना आपल्यापर्यंत पोचलंच असेल. तुमच्या मेहुणीबाईंनी ते त्याच संध्याकाळी ताईंना सांगितलं, आणि सांगताना त्या हसून हसून खुर्चीवरून खाली यायच्याच बाकी होत्या, हे मी दाराआडून (म्हणजे दारावरून जाता जाता) पाहिलं आहे. तेव्हा खरी हकीकत, जशी घडली तशी, तिखटमीठ न लावता आपल्याला कळावी म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आपण पाहिलेलं आहे. खाली एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि मधल्या टेबलावर मी स्वतः रंगवलेला चौक. त्यावर खेळण्यातल्या गाड्या (एका ट्रकचं चाक हरवलं आहे, तो मी कायम 'रस्त्यात बंद पडलेलं वाहन' म्हणून वापरतो). या खोलीतून अर्धं गाव गाडी शिकून बाहेर पडलं, आणि ते सगळं आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीवर. बिचारीची एकच खोड होती: ब्रेक खायची. गाईला चारा घालावा तसे मी तिला ब्रेकचे पॅड घालत आलो. आमचा गॅरेजवाला उस्ताद दर खेपेला चाक उघडून म्हणायचा की मालक, ही गाडी चालते कमी आणि थांबते जास्त. मी म्हणायचो, शिकाऊ लोक, घाबरून दाबतात, त्याला मी काय करणार? आपण कधी गाडी शिकला नाहीत म्हणून सांगतो, शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा एक ब्रेक असतो. तो दाबला की आतल्या दांडीने शिकणाऱ्याचा ब्रेकही दाबला जातो. हा ब्रेक फक्त अगदी गळ्याशी आलं तरच वापरायचा. मी तो क्वचितच वापरतो, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून सांगत आलो आहे.

तर गेल्या वर्षी आमची ठकी दूरच्या शहरातली नोकरी सोडून घरी आली. सोडून म्हणजे अगदी सोडून नव्हे. तिचे साहेब भला माणूस, त्यांनी सांगितलं की तुझी खुर्ची काही काळ राखून ठेवतो, वडिलांची शाळा चालवून बघ, नाही जमलं तर ये परत. आल्या आल्या तिने शिक्षकाचा परवाना काढला, भिंतींना रंग दिला, माझ्या चौकावरची धूळ पुसली (एक सिग्नल पुसला गेला, तो मी रात्री पुन्हा रंगवला) आणि जाहीर केलं की यापुढे आपण विजेच्या गाडीवर शिकवायचं. मी म्हटलं, ज्या गाडीला गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही, ते चाकं लावलेलं कपाट झालं. गिअरच नाही तर मी शिकवू काय, दार उघडायला? ती म्हणाली, बाबा, लोक आता याच गाड्या घेताहेत, आपण शिकवल्या नाहीत तर दुसरा कोणी शिकवेल. तिचं म्हणणं बिनतोड होतं, आणि बिनतोड म्हणण्याला मी नेहमी जे उत्तर देतो ते दिलं, म्हणजे तणतणत फिरायला निघून गेलो. परत येईपर्यंत जुनी गाडी विकायचं ठरलं होतं. नवीत जुन्यातली एकच वस्तू आली, ती म्हणजे माझा शिक्षकाचा ब्रेक. उस्तादने तो काढून नवीत बसवला. त्याच्या रबरावर माझ्या बुटाचा आकार उमटलेला आहे, म्हणून मीच हट्ट धरला होता.

गाडी देताना विकणाऱ्याने सांगितलं होतं की महिन्याभरात दोष निघाला तर परत घेऊ. ठकीने त्यावर शांतपणे स्वतःचं एक वाक्य जोडलं. म्हणाली, गाडी परत गेली तर मीही परत जाईन, कारण जुन्या पद्धतीची शाळा चालवायला तुम्ही एकटे पुरेसे आहात. रागावून म्हणाली असती तर मी रागावून उत्तर देऊन मोकळा झालो असतो. ती अगदी सरळ, चहाचा कप उचलता उचलता म्हणाली. साडूभाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो, ती आल्यापासून सकाळी दाराशी तिच्या चपला दिसल्या की मला उगाचच बरं वाटतं. एक चप्पल उलटी पडलेली असते. मी ती सुलटी करतो आणि कोणाला सांगत नाही.

आणि त्याच आठवड्यात गाडीला दम लागायला लागला. शिकायला होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. या बाई लोकांच्या जबड्यात बेधडक ड्रिल घालतात, पण समोरून सायकल आली की डोळे मिटून घेतात. सपाट रस्त्यावर गाडी गोगलगायीसारखी ठीक चालली. मग आम्ही पाण्याच्या टाकीच्या चढाशी आलो आणि मी म्हटलं, आता जोरात दाबा ॲक्सिलरेटर. त्यांनी दाबला. गाडीने एक उसळी घेतली आणि अर्ध्या चढावर, आपण आमच्या जिन्यात कठड्याला धरून थांबता तशी, थांबली. बंद नाही पडली बरं का. दिवे चालू, पंखा चालू, पडद्यावर सगळं हिरवंगार. फक्त ओढ नाही. डॉक्टरीणबाई पायाने पाताळ गाठायला निघाल्या, तरी गाडी मख्ख. मागे गॅसच्या सिलिंडरांचा टेम्पो, त्याच्यामागे शाळेची बस, आणि बसमधली पोरं खिडकीतून आमच्या पाटीवरचं 'हमखास शिकवतो' मोठ्याने वाचताहेत. शेवटी आम्ही गाडी मागे घेत घेत पायथ्याशी आलो. पुढचे काही दिवस हेच. सपाटीवरसुद्धा कोणी जरा वेग घ्यायला गेलं की गाडीचा जीव जाई, आणि हळू चाललं की परत येई.

मग सुरू झाले इलाज. पहिला संशय बॅटरीवर. ती काठोकाठ भरली, काही फरक नाही. ठकीने पडद्यावर एक हिरवं पान दाखवलं. ते पान दिसत असेल तर गाडी काटकसरीने चालते म्हणे. ते पान घालवलं, चाकांतली हवा तपासली, गाडी तशीच. मग मी कुठेतरी वाचलं की बॅटरी तापली की अशा गाड्या आपला जोर आवरता घेतात. झालं! मी रोज गाडी झाडाखाली उभी करून बॉनेटवर ओला टॉवेल पसरायला लागलो. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, उतरला का ताप? असे बरेच टॉवेल झाल्यावर ठकीच्या ध्यानात आलं की मी हे कशासाठी करतोय (तिला वाटत होतं मी टॉवेल वाळत घालतो). तिने सांगितलं की या गाडीची बॅटरी बॉनेटखाली नसतेच, ती खाली बुडाशी आडवी पसरलेली असते. म्हणजे ताप एकाला आणि मी पट्ट्या ठेवत होतो शेजाऱ्याच्या कपाळावर.

उस्तादला बोलावलं. त्याने बाह्या सरसावून बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हळूच टोपी काढली. तेल नाही, प्लग नाही, काळं व्हायला काही नाही. दोन्ही हात स्वच्छ घेऊन घरी जायची वेळ त्या माणसावर आयुष्यात प्रथमच आली. मला म्हणाला, मालक, ही आजारी आहे की नाही हेच मला कळत नाही, हिला नाडीच नाही.

इतक्यात ठकी एक गोष्ट बोलून गेली. म्हणाली, मी एकटी चालवते तेव्हा असं होत नाही. आता, एकटी म्हणजे काय? तर मी शेजारी नसताना. म्हणजे दोष कुठे आहे हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट झालं: माझं वजन! मी त्याच दिवशी साखर सोडली, संध्याकाळचं खाणं अर्ध्यावर आणलं, डिकीतली पाण्याची बाटली, पान्हे, छत्री, सगळं बाहेर काढलं. तुमच्या मेहुणीबाई म्हणाल्या की गाडीच्या निमित्ताने का होईना, पण चांगलं झालं. मी मात्र शास्त्रीय माणूस. नुसत्या अंदाजावर विसंबणार नाही. समोरच्या हार्डवेअरवाल्याकडून एक सिमेंटचं पोतं आणि वर खिळ्यांची खोकी, बरोबर माझ्या वजनाची, उसनी आणली आणि माझ्या जागेवर बसवली. गाडी ठणाणा करायला लागली म्हणून पोत्याला सीटबेल्ट लावला. ठकी एकटी त्या पोत्याला घेऊन टाकीच्या चढावर गेली आणि मी खाली उभा राहून पाहत होतो. साडूभाऊ, गाडी वाऱ्यासारखी गेली. वर पोचली, वळली, खाली आली. वाटेत पोस्टमनने पोत्याला हात करून नमस्कारही केला. नंतर त्याने सांगितलं की तुम्ही अंगाने जरा सावरल्यासारखे वाटलात. मग पोतं काढून मी बसलो, तर अर्ध्या चढावर पुन्हा तेच. पोत्याला घेऊन जाते आणि मला घेऊन जात नाही! गाडीचा माझ्यावर वैयक्तिक राग आहे, असं माझं मत बनलं. मी तिला कपाट म्हणालो ते तिने ऐकलं असणार.

शेवटी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथली फरशी आमच्या ताटापेक्षा स्वच्छ. गिऱ्हाइकाने काचेच्या खोलीत सोफ्यावर बसायचं, गाडीजवळ फिरकायचं नाही असा नियम. एका मुलीने लॅपटॉपची वायर गाडीला जोडली, नंतर त्यांचा माणूस गाडी घेऊन सगळीकडे हिंडून आला. अर्थातच गाडी त्याच्यापाशी शहाण्या बाळासारखी वागली. मुलगी म्हणाली, काका, गाडीत काही दोष नाही. एकच शक्यता दिसते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले, तर ही गाडी ब्रेकचं ऐकते आणि जोर काढून घेते, अपघात होऊ नये म्हणून. पेट्रोलची जुनी गाडी ब्रेक थोडासा लागला तरी इंजिनाच्या जोरावर फरफटत पुढे जायची, ही तसं करत नाही. मी हसलो. म्हटलं, बाळ, मी उभी हयात लोकांना एका पायाने चालवायला शिकवण्यात घालवली. माझे विद्यार्थी दोन्ही पाय वापरत नाहीत. ती म्हणाली, मग ठीक आहे.

पण मनात किडा वळवळायला लागला. माझे विद्यार्थी नाहीत हे खरं, पण डॉक्टरीणबाई? त्यांचं काय सांगावं! दुसऱ्या दिवशी मी त्यांना डावा पाय सीटवर घेऊन मांडी घालायला लावली. (त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, तुम्ही लोकांना 'आ' करायला सांगता तेव्हा ते 'का' विचारतात का?) तो पाय चुकून खाली येऊ नये म्हणून त्यांच्याच ओढणीने सीटला बांधला. अशा थाटात आम्ही चढावर गेलो. अर्ध्यावर गाडी थांबली. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं, पाय जागच्या जागी बांधलेला. झालं तर मग! बाई निर्दोष, मी निर्दोष, उरली गाडी. कोर्टातसुद्धा हा पुरावा चालला असता. मी घरी येऊन विजयी मुद्रेने सांगितलं की गाडीतच खोट आहे, महिना संपायच्या आत परत करायची. ठकी म्हणाली, बरं. एवढंच म्हणाली, आणि वर जाऊन बॅग काढली. मी जिंकलो होतो आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. साखर सोडल्यामुळे असेल, असं मी सांगितलं.

परत करायचा दिवस उजाडला. गाडी ठकीने चालवायची, शेजारी मी. तुमच्या मेहुणीबाई मागून आपल्या स्कूटरवर, कारण गाडी दिल्यावर ठकीला बॅगेसह एसटी स्टँडवर सोडायला काहीतरी हवं (स्कूटरवर दोघी बसणार होत्या. मी कसा येणार याचा विचार कोणी केला नव्हता). आपल्याला आठवत असेल, लग्नानंतर मी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती आणि आठवड्याच्या आत जाहीर केलं होतं की हिच्या पायाला अंदाज नाही. त्या खाली उतरल्या, दार लावलं आणि स्कूटर घेतली. तेव्हापासून हा विषय आमच्या घरात निघत नाही. असो. रस्ता टाकीच्या चढावरूनच जात होता. मागच्या सीटवर तिची बॅग होती, आणि ती बॅग मला आरशात सारखी दिसत होती. चढाशी आल्यावर तिने ॲक्सिलरेटर दाबला, गाडीने उसळी घेतली, आणि अर्ध्यावर, हो, थांबली. मी म्हटलं, बघ! बघ! आणि एवढ्यात माझ्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. बाहेर स्कूटर, स्कूटरवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये तुमच्या मेहुणीबाई. काच खाली केली. त्या म्हणाल्या, "अहो, चढावर ब्रेक कशाला दाबताय? मागचे लाल दिवे कधीपासून पेटलेत!"

ठकी म्हणाली, "आई, मी नाही दाबला." मीही म्हणणार होतो की मी नाही दाबला. तोंड उघडलंही होतं. पण त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, माझ्या पायाकडे बघत होत्या. म्हणून मीही बघितलं. माझा उजवा पाय शिक्षकाच्या ब्रेकवर होता. दाबलेला म्हणता येणार नाही, नुसता टेकलेला, घरच्या उंबऱ्यावर टेकावा तसा सहज. रबरावर उमटलेल्या त्या आकारात बूट चपखल बसला होता. मी तो कधी ठेवला ते मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही. शेजारचा माणूस वेग घ्यायला लागला की माझा पाय मला न विचारता तिथे जातो, आणि तो असा किती वर्षं जात आला आहे याचा हिशोब करायला मी धजत नाही. माझ्या डोळ्यांपुढून जुन्या गाडीचे सगळे ब्रेकचे पॅड एका ओळीत सरकत गेले.

मला वाटलं आता ठकी रागावणार. तिची नोकरी, तिची शाळा, सगळं ज्या पायाने अडवून धरलं तो तिच्या बापाचा निघाला. पण ती हसायला लागली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागली, त्यात हॉर्न दाबला गेला, मागचा टेम्पोवाला (तोच, सिलिंडरांचा) दचकून ओरडला, आणि काचेबाहेर हेल्मेटमधूनही हसू ऐकू यायला लागलं. मीही हसलो. काय करणार? मग ठकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, पाय काढा." मी काढला. तो परत जायला बघत होता, म्हणून मी दोन्ही बूट उतरवून सीटवर चक्क मांडी घातली, डॉक्टरीणबाईंसारखी, आणि हातांनी दोन्ही गुडघे धरून ठेवले. ठकीने ॲक्सिलरेटर दाबला. साडूभाऊ, काय सांगू! पाठ सीटला चिकटली, पोट जरा मागे राहिलं, आणि चढ कधी संपला ते कळलंच नाही. आवाज नाही, धूर नाही, खडखड नाही. वर टाकीपाशी आल्यावर सगळं गाव खाली दिसतं, हे मी विसरलोच होतो. तिथवर येईपर्यंत माझं लक्ष नेहमी समोरच्या रस्त्यावर असायचं. ठकीने विचारलं, घाबरलात? मी म्हटलं, हो. आणि मग म्हटलं, अजून एकदा जाऊ या.

आम्ही तो चढ बऱ्याच वेळा चढलो. मधल्या एका फेरीत तुमच्या मेहुणीबाईंनी स्कूटर टाकीपाशी लावली, मागच्या सीटवरची बॅग बाजूला सरकवली आणि गाडीत येऊन बसल्या. घरी आल्यावर बॅग परत वर गेली. दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीतूनच ठकीने साहेबांना फोन करून सांगितलं की माझी खुर्ची कुणाला तरी द्या, आणि त्या भल्या माणसाने अभिनंदन केलं. मी ऐकलं आणि म्हटलं, बरं. मला तसं विशेष काही वाटलं नाही. नव्या नियमानुसार आता शिक्षकाच्या जागेवर ठकी बसते. तिचा पाय ब्रेकच्या शेजारी, जमिनीवर असतो, आणि गळ्याशी आलं तरच वर जातो. डॉक्टरीणबाई परवा दोन्ही डोळे उघडे ठेवून बाजारातून आल्या. मी मागच्या सीटवर बसून सूचना करायच्या, आणि त्या मनातल्या मनात करायच्या, असं ठरलं आहे. सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलीला मी फोन करून सांगितलं की बाळ, दोष सापडला. ती म्हणाली, कुठे होता? मी म्हटलं, शेजारच्या सीटवर. तिने त्यावर काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

असो. ताईंना माझा नमस्कार सांगा आणि गुडघ्याला जपा. इकडे सर्व आनंद आहे, आणि हे वाक्य मी या वेळी नुसतं पद्धत म्हणून लिहिलेलं नाही.

आपला,
मांडी घालून बसलेला धाकटा साडू

ता. क. एक काम होतं. खरं तर त्यासाठीच हे पत्र. मागच्या सीटवर बसलो तरी माझा पाय ऐकत नाही. समोरच्या सीटखाली दाबत राहतो, तिथलं कार्पेट फाटायला आलं आहे, आणि संध्याकाळी पोटरी दुखते. तेव्हा आपण मला एक लाकडी ब्रेक करून द्यावा. पेडल, मागे एखादी स्प्रिंग, आणि खाली फळी, एवढंच. तो कशालाही जोडलेला नसावा. दाबला की खाली जावा आणि सोडला की वर यावा, म्हणजे पायाचं समाधान होईल आणि गाडी आपल्या वाटेने जाईल. आपल्या हातचं काम म्हटल्यावर मी निश्चिंत आहे.

ता. क. दुसरी. जरा घाईने करावा. नवीन विद्यार्थिनीचे धडे सोमवारपासून सुरू होताहेत. विद्यार्थिनी म्हणजे तुमच्या मेहुणीबाई. शिकवणार ठकी. मागे मी.

ता. क. तिसरी. स्टुलाचा खुलासा राहिलाच. काल ठकी सकाळभर त्या स्टुलावर बसून विद्यार्थ्यांना चौक समजावत होती. ते जराही डुगडुगलं नाही. नंतर मी बसलो तर डुगडुगलं. वाकून पाहिलं तर माझा पाय स्टुलाच्या पुढच्या दांडीवर होता, आणि खेळण्यातला ट्रक जरा जोरात सरकला की मी ती दांडी दाबत होतो. तेव्हा मी जे चारचौघांत बोललो ते परत घेतो. चारचौघांनाही तसं कळवतो आहे.

*

भाऊजी, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं, म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. बरंचसं खरं आहे, वार सोडून. लाल दिव्यांचं म्हणाल, तर जुन्या गाडीचेही मी कायम पेटलेलेच पाहिले. बाजारात यांची गाडी दिसायची ती लाल दिवे लावूनच. मला वाटायचं, शिकाऊ गाडीला तसेच देतात. ब्रेक खुशाल करा, पण चांगला मजबूत करा, मी हळू चालवणार नाही. आणि 'विशेष काही वाटलं नाही' हे वाक्य खोडा. ठकीचा साहेबांशी फोन झाला तेव्हा आम्ही तिघं गाडीतच होतो. हे मागे बसून रडत होते. विचारलं तर म्हणाले, डोळ्यात कचरा गेला. चारही काचा बंद होत्या.